खिळ्यावर नसलेला बोल्ट

१

चूक माझ्या बापाची होती. अध्यक्षांची त्याच्यानंतर, पोलिसांची त्याच्याही नंतर. आधी बापाची. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वडीलधाऱ्यांबद्दल असं बोलू नये वगैरे शहाणपणा कोणी मला शिकवायला नको. वडीलधाऱ्यांबद्दल असंच बोलायला हवं होतं, आणि बरंच आधी.

बापाचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान. गावाला लागून जंगल, जंगलात रानडुकरं, आणि परवाना काढून त्यांच्यामागे धावणारी हौशी माणसं. शिकारीचा हंगाम संपला की आमच्याकडे एक नियम होता. रायफल मालकाच्या घरी राहायची आणि तिचा बोल्ट आमच्या दुकानात. बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीत मागेपुढे सरकणारा लोखंडी दांडा. मूठ वर करून मागे ओढला की नळी उघडते, पुढे ढकलून खाली दाबला की काडतूस आत बसतं. तो काढून घेतला की रायफल म्हणजे नुसती काठी. बंद हंगामात कोणी चोरून शिकारीला जाऊ नये म्हणून शिकार मंडळाने आणि पोलिसांनी मिळून ही सोय केली होती, आणि विश्वासाचा माणूस म्हणून माझ्या बापाला नेमलं होतं. विश्वासाचा माणूस! हे शब्द तो जेवताना भात कालवल्यासारखे कालवायचा.

दुकानाच्या मागच्या खोलीत लाकडी फळा होता. त्यावर खिळ्यांच्या ओळी, प्रत्येक खिळ्याला दोऱ्याने टांगलेला एकेक बोल्ट. खाली पांढऱ्या रंगाने मालकाचं आडनाव. बाप रोज सकाळी सगळ्यांवरून तेलाची चिंधी फिरवायचा. माझ्या डोक्यावरून त्याने इतक्या वेळा हात फिरवला नसेल.

मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी बसलो होतो. का सोडलं, ते त्याच्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारा. माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असायचं.

२

त्या सकाळी मी नेहमीसारखा नळ्या पुसत होतो. इन्स्पेक्टर आला आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर आपटलं.

"मिस्त्री, ओळखा."

काय प्रकरण होतं ते सगळ्यांना माहीत होतं. जंगलाच्या नाक्यावरच्या वनरक्षकाला कोणीतरी गोळी घालून मारलं होतं. पहाटे, धुक्यात, पाठीत. हंगाम बंद असताना. जवळ काडतुसाची एक रिकामी पुंगळी सापडली होती. आणि पोलिसांनी धरला होता बेकरीवाला. त्याची भट्टीची लाकडं वनरक्षकाने जप्त केली होती, तेव्हा तो भर बाजारात ओरडला होता, "तुला बघून घेतो!" बेकरीवाल्याकडे परवान्याची रायफल होती. आता ती घरात नव्हती. आधी म्हणाला, मेव्हण्याकडे आहे. मग रडत म्हणाला, मीच कालव्यात टाकली, उन्हाळ्यातच. धाकट्या पोराने भिंतीवरून काढली होती आणि नळीला डोळा लावून बसला होता. रायफलीत बोल्ट नव्हता, काही होणार नव्हतं, पण त्याने ते दृश्य पाहिलं आणि त्याला ती वस्तू घरात नको झाली. परवान्याच्या भीतीने कोणाला बोलला नाही. पोलिसांनी कालव्याचं पाणी सोडून दिलं, गाळ उपसला, आणि रायफल खरंच सापडली. त्यांनी त्याच्या बोलण्यातलं निम्मंच खरं धरलं, स्वतःच्या सोयीचं.

"नंबर गंजाने खाल्लाय," इन्स्पेक्टर म्हणाला. "कोणाची आहे, तेवढं सांगा."

बापाने गोणपाट उलगडलं. लाकडी दस्त्यावर अंगठा फिरवला. दस्त्याला जुना तडा होता आणि त्यात दोन पितळी स्क्रू.

"बेकरीवाल्याची. हे स्क्रू मीच बसवलेत."

"बोल्ट नाही हिच्यात."

"नाही."

"तुमच्याकडे टांगलेला असायला हवा ना?"

बापाने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. त्याला उत्तर द्यायला जो वेळ लागला, तो माझ्या लक्षात आहे. शिकंज्यात अडकलेला स्क्रू सुटायला लागतो तेवढाच.

"घेऊन गेला होता तो परत. मधेच आला होता. गडबडीत मी दिला."

"झालं तर मग. बोल्ट कुठेतरी फेकला असेल, रायफल कालव्यात. पाण्यात किती दिवस होती?"

"सांगता येत नाही. कालव्याचं पाणी वाईट."

मी शेजारीच उभा होतो. बोल्ट ज्या खाचेत बसतो ती खाच वाळलेल्या गाळाने ठेचून भरली होती, आणि गाळात शिंपले होते. नखाएवढे, एकाला एक चिकटून वाढलेले. बोल्टच्या जागी त्यांनी संसार थाटला होता. शिंपले आठवड्यात वाढत नाहीत. इंजिनिअरिंग सोडलेल्यालाही एवढं कळतं.

इन्स्पेक्टरने ते पाहिलं नाही. त्याला पाहायचंच नव्हतं, त्याला चहा हवा होता. चहा पिऊन म्हणाला, "चौकीचं छप्पर काढलंय दुरुस्तीला. मुद्देमाल इथेच राहू दे कोर्टाच्या तारखेपर्यंत. अहवाल लिहून ठेवा."

तो गेला, आणि बापाने एक गोष्ट केली जी मी त्याला आयुष्यात करताना पाहिली नव्हती. त्याने ती रायफल शिकंज्यात लावली, कोमट पाणी घेतलं आणि मुद्देमाल धुवायला सुरुवात केली.

मागे एकदा मी पोलिसांनी आणलेल्या रायफलीवरची नुसती धूळ पुसली, तर त्याने माझ्या कानाखाली काढली होती. "मुद्देमाल आला तसा जातो!" हे त्याचंच वाक्य. आता तोच टोकदार पट्टीने शिंपले एकेक करून उचकटत होता. नळी मात्र तोंडापर्यंत दगडासारखी बुजली होती, गज आतच जाईना, म्हणून ती तशीच सोडली. शिंपले कागदात गुंडाळले आणि कागद खिशात घातला.

"गाळ काढल्याशिवाय अहवाल कसा लिहू?" तो म्हणाला.

मी काही विचारलंच नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी दुकान मी उघडलं. मागच्या खोलीत रायफल टेबलावर, वर कापड. कापडाच्या मधोमध ओला डाग.

कापड उचललं. खाच गाळाने भरलेली होती. काळा, ओला, कालव्याच्या वासाचा गाळ. त्यात शिंपले. तेच, नखाएवढे, घट्ट चिकटलेले.

पहिला विचार हा की बापानेच परत भरला. रात्री पस्तावला असेल. हा विचार मला आवडला, म्हणजे त्याच्यात काहीतरी उरलं होतं. मी हाक मारली. तो आला, पाहिलं, आणि त्याचा चेहरा बघून तो विचार मी तिथेच टाकून दिला.

"हा चावटपणा तुझा?"

"माझा? मी कालव्यावर जाऊन शिंपले वेचत बसू?"

"तुला दुसरं काय काम आहे?"

त्याने परत धुतलं. या वेळी त्याचे हात घाईत होते. करंगळीशेजारच्या बोटाचं नख, जे लहानपणी शिकंज्यात सापडून वाकडं उगवलं होतं, ते एका शिंपल्याच्या कडेला लागून रक्त आलं. त्याने बोट तोंडात घातलं आणि लगेच थुंकला. कालव्याची चव लागली असणार.

त्यानंतर रोज तेच. संध्याकाळी कोरडी, सकाळी भरलेली. मी खोलीला माझं कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घालून झोपलो. छताला ओल आहे का पाहिलं. मोरीचा पाइप तपासला. उंदीर, घुशी, बापाचं झोपेत चालणं, माझं झोपेत चालणं, सगळं धरून पाहिलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आजही नाही. काकांसारखी माणसं जितीजागती समोर वावरत असताना भुतांची गरज काय?

काका म्हणजे बापाचे थोरले भाऊ. निवृत्त मुख्याध्यापक, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "रिकाम्या डोक्याचे खेळ आहेत. परीक्षेला बस परत."

४

बेकरीवाल्याची थोरली मुलगी दुकानात आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. तिचा बाप कोठडीत गेल्यापासून भट्टी तीच सांभाळत होती. शाळेत माझ्या पुढे दोन वर्षं होती, आणि मला दोन वर्षं मारायची.

"मिस्त्रीकाका आहेत?"

"आहेत. लपलेत," मी म्हणालो. बाप खरंच मागच्या खोलीत सटकला होता.

"बोलाव."

तो आला. चष्मा पुसत.

"मिस्त्रीकाका, तुम्ही पोलिसांना सांगितलं की बाबा बोल्ट परत घेऊन गेले?"

"हं."

"हंगाम संपल्यावर बोल्ट इथे कोणी आणून दिला होता?"

"आता कसं आठवेल पोरी."

"मी. पिठाच्या पिशवीत घालून. तुम्ही मला ओरडलात, पीठ आत गेलं की गंज चढतो म्हणून. तुम्ही हसलातही. म्हणालात, रायफलीतून पाव उडतील. आठवलं?"

"तू दिलास ते खरं. नंतर तो घेऊन गेला."

"बाबा उन्हाळ्यापासून या रस्त्याने गेलेले नाहीत. रायफल टाकली त्या लाजेने. मी त्यांच्याबरोबर भट्टीवर असायचे, रोज."

"पोरी, तू मुलगी आहेस त्याची. तू असंच म्हणणार."

"आणि तुम्ही मिस्त्री आहात, तुम्ही असं म्हणणार?"

बाप परत चष्मा पुसायला लागला. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही.

"तुझी तरी जीभ आहे का जागेवर? शाळेत तर लई चालायची."

ती गेली. दाराच्या कडीला पिठाची पाच बोटं उमटली. मी मागच्या खोलीत जाऊन फळ्यासमोर उभा राहिलो. प्रत्येक खिळ्याखाली तेलाचा एक ओघळ असतो, रोजच्या चिंधीचा. बेकरीवाल्याच्या रिकाम्या खिळ्याखालचा ओघळ शेजारच्यांच्या जवळपास बरोबरीने खाली आला होता. म्हणजे तिथला बोल्ट उन्हाळाभर, पावसाळाभर तिथेच होता, आणि अगदी परवापर्यंत त्याला तेल मिळत होतं. तो बेकरीवाल्याने नेला असता तर पाण्यात पडलेल्या, शिंपल्यांनी भरलेल्या रायफलीत घातला कसा?

आणि त्याने नेला नसेल, तर कोणी नेला?

५

भर दुपारची गोष्ट. बाप जेवायला घरी, शटर अर्धं खाली. मी पुढच्या खोलीत दस्त्याला पॉलिश मारत होतो.

मागून आवाज आला.

खट्. सर्र. सर्र. खट्.

हा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. मूठ वर, दांडा मागे, दांडा पुढे, मूठ खाली. पण खोलीत होती एकच रायफल, आणि तिच्यात बोल्ट नव्हता. बाकीचे बोल्ट फळ्यावर टांगलेले, रायफलीविना. बिनरायफलीचा बोल्ट हा आवाज करत नाही. बिनबोल्टची रायफल तर नाहीच.

शेजारच्या शिंप्याचं मशिन असेल. पण त्याचं दुकान दुपारी बंद. शटरचा आकडा वाऱ्याने हलला असेल. पण वारा नव्हता. मी स्वतःलाच ओरडलो, घाबरटा, जाऊन बघ. माझा आवाज मलाच बापासारखा वाटला.

खट्. सर्र. सर्र. खट्.

मी दार ढकललं. टेबल, कापड, फळा. सगळं जागच्या जागी. कापड अंगावर घेतल्यासारखं रायफलीला चिकटलं होतं. मी ते उचललं. गाळ होता, शिंपलेही होते, पण आज गाळाच्या मधोमध एक गोल, गुळगुळीत पन्हळ पडली होती. बोटाने पाडलेली नव्हे. त्यातून नुकतंच काहीतरी सरळ मागे आणि सरळ पुढे गेलं होतं. कडेचं पाणी अजून आत ओघळत होतं.

आणि पन्हळीच्या टोकाला, नळीत, उजेड होता.

ती नळी बुजलेली होती. कालच मी स्वतः गज घालून पाहिला होता. मी वाकलो. कोणीही वाकलं असतं. मागच्या बाजूने नळीला डोळा लावला.

समोर खिडकी दिसायला हवी होती. दिसला आमचा फळा. जो माझ्या पाठीमागे होता तो. लहान, गोल, नाण्याएवढा आणि फार स्वच्छ. बेकरीवाल्याच्या खिळ्यावर बोल्ट टांगलेला होता. एक हात आला. त्याने दोरा सोडवला, बोल्ट काढला. करंगळीशेजारच्या बोटाचं नख वाकडं होतं.

हात निघून गेला. मग दिसलं की फळ्याशेजारच्या कोपऱ्यात कोणीतरी उभं आहे. हिरवा गणवेश, गुडघ्यापर्यंत ओला. पाठ माझ्याकडे. पाठीवर शर्टाला एक छोटं भोक, शिवता येईल एवढं.

ती पाठ वळायला लागली.

मी डोळा काढला. मी ओरडलो की नाही, मला माहीत नाही. परत पाहिलं तेव्हा नळी काळीठिक्कर, बुजलेली. माझ्या डोळ्याभोवती ओला गोल उमटला होता. दोनदा साबण लावला तरी कालव्याचा वास गेला नाही.

मी कोपऱ्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्याला पाठ न करता खोलीबाहेर आलो.

६

घरी बाप ताटावर होता. काका शेजारी, आई वाढत होती.

"बोल्ट तुम्हीच काढून दिला," मी म्हणालो. "कोणाला?"

"हात धू आधी," बाप म्हणाला.

"कोणाला दिला?"

काकांनी घास खाली ठेवला. "हा काय आवाज आहे वडिलांशी बोलायचा?"

"काका, तुम्ही मुख्याध्यापक होतात तेव्हा शाळेचं छप्पर गळत होतं आणि तुम्ही शिस्तीवर भाषणं द्यायचात. आता गप्प बसा."

आईने भात वाढायचा थांबवला. "अहो," ती बापाला म्हणाली, "तो काय म्हणतोय?"

बाप पाणी प्यायला. मग भिंतीशी बोलावं तसा बोलला. "अध्यक्ष आले होते. शिकार मंडळाचे. पाहुणे येणार म्हणाले, एक दिवस जंगलात जायचंय. त्यांच्या बोल्टची पिन तुटलेली, माझ्याकडेच पडलाय दुरुस्तीला. बेकरीवाल्याची रायफल त्याच जातीची. म्हणाले, तो दे, दोन दिवसांत आणून देतो."

"आणि तुम्ही दिला. बंद हंगामात. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या रायफलीत. मला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

"त्यांना नाही म्हणता येत नाही. मंडळ त्यांचं, खडीची खाण त्यांची. माझा परवाना त्यांच्या शिफारशीवर आहे."

"त्यांनी मारलं त्याला?"

"धुक्यात हलताना दिसलं, डुक्कर वाटलं, असं म्हणाले. मुद्दाम नाही." त्याने ताट बाजूला सरकवलं. "माणूस तर गेलाच. आता बोलून कोण परत येणार?"

"बेकरीवाला येईल," आई म्हणाली.

काका खाकरले. "थोडा वेळ जाऊ द्यावा. वकील बघतील. पुराव्याअभावी सुटेल तो."

"आणि न सुटला तर?" आईने विचारलं. "त्याची थोरली परवा पाव द्यायला आली होती. सुट्टे नव्हते माझ्याकडे, तर म्हणाली, राहू द्या काकू. मी ते पाव तुम्हा सगळ्यांना वाढले." तिने भाताचं पातेलं उचललं आणि आत नेलं. बापाचं ताट तसंच अर्धं राहिलं.

मी त्याच्यासमोर बसलो. "तो तिथे उभा असतो," मी म्हणालो. "मागच्या खोलीत. तुम्हाला दिसतो ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मला कळलं की त्याला दिसत नव्हता. त्याला फक्त गाळ दिसत होता, रोज सकाळी. गाळाला तो घाबरत होता, पण गाळ धुता येतो.

"उद्या कोर्टात मी सांगितलं तेच सांगणार," तो म्हणाला.

"तू जा आणि सांग," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तू' म्हणालो. कानाखाली बसेल असं वाटलं. त्याने नुसती मान खाली घातली.

७

कोर्टाच्या दिवशी सकाळी बापाने रायफल शेवटची धुतली. मी समोर होतो. पुसली, उन्हात धरली, हलकं तेल दिलं. खाच आरशासारखी. जाड कागदात गुंडाळून दोरा बांधला, गाठीवर लाख ओतली, स्वतःचा शिक्का मारला. रस्ताभर पार्सल माझ्या मांडीवर होतं. कोरडं होतं. हे मी शपथेवर सांगेन.

कोर्टाची खोली लहान, पंखा जुना. बेकरीवाला एका बाजूला दोन पोलिसांमध्ये. पीठ नसलेला त्याला मी पहिल्यांदा पाहिला. एवढा म्हातारा होता, हे कधी लक्षात आलं नव्हतं. थोरली मागच्या बाकावर. पहिल्या बाकावर अध्यक्ष, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर सभेला आल्यासारखी काळजी. बापाकडे पाहून त्यांनी आपुलकीने मान हलवली.

लाख फोडली, कागद उलगडला. रायफल टेबलावर आली. स्वच्छ, तेलकट, कोरडी. मी श्वास सोडला आणि त्याच क्षणी मला स्वतःची लाज वाटली. मला गाळ हवा होता. सगळ्यांसमोर, टेबलभर. म्हणजे मला काही बोलावं लागलं नसतं. थोरली म्हणाली ते खरंच होतं, माझी जीभ जागेवर नव्हती.

मी उभा राहिलो. "साहेब, मला बोलायचंय."

"कोण आहेस तू? बस खाली. तुझी वेळ आली की बोलावू," न्यायाधीश म्हणाल्या. पोलिसाने माझा खांदा दाबला. बाप साक्षीच्या जागी होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"मिस्त्री, ही रायफल तुम्ही ओळखता?" सरकारी वकिलाने विचारलं.

"हो. बेकरीवाल्याची आहे."

"बोल्ट कुठे बसतो, ते कोर्टाला दाखवा."

बापाने बोट पुढे केलं. वाकड्या नखाचं बोट. खाचेत घातलं.

खट्.

पंख्याचा आवाज असेल. खोलीत कोणी हललं नाही. फक्त बापाचं बोट आत थांबलं, कोणी धरून ठेवल्यासारखं. मग त्याने ते हळूच बाहेर काढलं आणि डोळ्यांसमोर धरलं. मी जिथून पाहत होतो तिथून बोटावर काहीतरी काळं, ओलं दिसलं आणि टोकाला एक पांढरा ठिपका, नखाएवढा. तेल असेल. उजेड असेल. मी मागच्या रांगेत होतो.

बापाने नजर उचलली. त्याने न्यायाधीशांच्या, वकिलांच्या, माझ्याही पलीकडे पाहिलं, दाराशेजारच्या कोपऱ्याकडे. त्याचा चेहरा सैल पडला. घाबरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. कोणीतरी बराच वेळ दाराशी उभं आहे आणि आपण त्याला आत या म्हणालो नाही, हे लक्षात आलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

मी मागे वळून पाहिलं नाही. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

"साहेब," बाप म्हणाला, "यात बोल्ट नव्हता. उन्हाळ्यापासून नव्हता. खाचेत शिंपले होते, ते मी काढले." त्याने खिशातून एक मळकी पुडी काढून टेबलावर ठेवली. एवढे दिवस ती त्याच्या खिशातच होती. "बोल्ट माझ्याकडे टांगलेला होता. तो मी अध्यक्षांना दिला. ते बसलेत समोर. बेकरीवाल्याने काही केलेलं नाही. मी खोटं बोललो."

अध्यक्ष उभे राहिले. "मिस्त्रींची तब्येत बरी दिसत नाही—"

"बसा खाली," न्यायाधीश म्हणाल्या, मला म्हणाल्या होत्या तशाच.

मग गोंधळ झाला, त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो शिपाई. खोली रिकामी झाल्यावर तो फडकं घेऊन आला आणि टेबल पुसता पुसता करवादला, "इथे कोणी पाणी सांडलं? आणि ही घाण कसली?"

८

बोल्ट खाणीच्या कचेरीत सापडला, टेबलाच्या खणात, पेपरवेटसारखा ठेवलेला. काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या त्याच्या पिनेची खूण आणि पुंगळीवरची खूण एकच निघाली. अध्यक्षांचा खटला अजून चालू आहे. त्यांचे वकील चांगले आहेत, पण धुकं आता त्यांच्या बाजूचं राहिलेलं नाही.

बेकरीवाला सुटला त्या सकाळी भट्टी पेटलेली मी पाहिली. मला वाटलं होतं तो आमच्या दारात येऊन थुंकेल. हक्क होता त्याचा. तो आला आणि आईला म्हणाला, "वहिनी, पोराला काम नसेल तर पाठवा. दुपारच्या घाण्याला हात कमी पडतात." मी गेलो. पीठ मळणं हे नळ्या पुसण्यापेक्षा अवघड आहे. थोरली पहिल्याच दिवशी म्हणाली, "असं मळतोस? याच्यापेक्षा इंजिनिअरिंग बरं." मी दोन विषय परत भरलेत. तिला सांगितलं नाही, हसेल.

वनरक्षकाच्या बायकोला आई भेटून आली. काय बोलल्या, ते आईने सांगितलं नाही. काका हल्ली कमी बोलतात. हाही या प्रकरणाचा फायदाच.

दुकान रिकामं करताना मागच्या खोलीत मी एकटा गेलो. दिवसाच. फळा उतरवला, खिळे उपटले. कोपरा कोरडा होता. जमिनीवर दोन पावलांएवढ्या जागेत धूळ नव्हती, बाकी सगळीकडे होती. मी तिथे जरा थांबलो. शेजारी, त्या जागेवर नाही. मग खिडकी उघडली आणि बाहेर आलो.

बापाला भेटायला मी दर आठवड्याला जातो. पाव नेतो. तो कुरकुरतो की कडा करपल्यात, आणि सगळे खातो. परवा म्हणाला, आता सकाळी जाग येते तेव्हा आधी काहीच आठवत नाही, नुसती सकाळ असते. मी त्याला पुन्हा 'तुम्ही' म्हणायला लागलोय. कधी सुरू झालं, कळलं नाही.

त्याचा परवाना कायमचा रद्द झाला, दुकान गेलं, आणि पुरावा नष्ट करणे व पोलिसांना खोटी माहिती देणे यासाठी त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.